मर्दानी खेळाच्या अंगरख्याला बगलेत चौकोन घाला

शिवजयंतीच्या मिरवणुकीत कोल्हापुरात दांडपट्टा फिरतो, हात डोक्यावर जातो आणि अंगरखा बगलेत उसवतो. शर्टाचा गोल मुंढा (बाही जोडायची कड) कापला की हेच होणार. जुन्या पद्धतीची सरळ बाही ठेवा आणि बगलेत कापडाचा ५ इंची चौकोन जोडा. प्रत्येक बाजूने अर्धा इंच मार्जिन जाऊन ४ इंच उरतो. एक कोपरा बाहीच्या शिवणीकडे, समोरचा कुशीच्या, म्हणजे अंगाच्या बाजूच्या शिवणीकडे. म्हणजे ताण कापडाच्या तिरक्या धाग्यावर येतो आणि कापड थोडं ताणलं जातं. प्रत्येक कोपऱ्याआधी अर्धा इंच टाका थांबवा, नाहीतर तिथे चुणी पडते. आधी धुतलेल्या मांजरपाटावर बेतून, हात वर करून बघाच. घेराच्या तिरक्या कळ्या (घेर वाढवणारे निमुळते तुकडे) रात्रभर टांगून मगच खालची दुमड घाला; त्या लोंबतात.