फिलिपिन्समधल्या ग्रामीण म्युनिसिपालिटीचा इतिहास-भूगोल कसा लिहावा

फिलिपिन्समध्ये म्युनिसिपालिटी म्हणजे शहर नव्हे. पोब्लासिओन हे मुख्य गाव आणि भोवतीचे शेतातले, डोंगरातले, किनाऱ्यावरचे बारांगाय, म्हणजे सर्वात लहान प्रशासकीय घटक, मिळून ती बनते. तिची माहिती गोळा करताना नुसत्या नावावर विसंबू नका. सान निकोलास नावाची म्युनिसिपालिटी बातांगास प्रांतात आहे, पांगासिनानमध्ये आहे आणि इलोकोस नोर्तेमध्येही आहे. फिलिपिन स्टॅटिस्टिक्स ऑथॉरिटीच्या यादीतला दहा अंकी भौगोलिक कोड आधी टिपून घ्या आणि पुढचा प्रत्येक आकडा त्याच्याशी ताडून पाहा.

मग नामरिया या सरकारी नकाशा संस्थेचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा उघडा. नद्या, चढउतार आणि पोब्लासिओनची जागा नीट बघा, कारण निम्मा इतिहास तिथेच कळतो. हवामान लिहिताना देशभराची सरसकट माहिती चिकटवू नका. पगासा या हवामान संस्थेने देशाच्या हवामानाचे चार प्रकार केले आहेत. झांबालेसमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा जातो, तर कातांदुआनेसमध्ये कोरडा ऋतूच नसतो आणि सर्वात जास्त पाऊस हिवाळ्यात पडतो. पिकांचं वेळापत्रक यावरच ठरतं.

क्षेत्रफळाचे आकडे हमखास जुळत नाहीत. जमीन मोजणीचा आकडा एक, सरकारी यादीतला दुसरा आणि शेजाऱ्याशी हद्दीचा वाद असेल तर आणखी वेगळा. सगळे द्या, पण लोकसंख्येची घनता काढताना कोणता घेतला ते सांगा.

सगळ्यात जास्त घोळ स्थापनेच्या वर्षाचा होतो. मिशनऱ्यांनी वस्ती वसवली ते वर्ष, स्वतंत्र पॅरिश, म्हणजे चर्चचा स्वतःचा विभाग, झाली ते वर्ष, स्पॅनिश सरकारने पुएब्लो, म्हणजे अधिकृत गाव, म्हणून मान्यता दिली ते वर्ष आणि अमेरिकन राजवटीत १९०१च्या कायद्यानुसार म्युनिसिपालिटी झाली ते वर्ष, ही चार वेगळी असू शकतात. त्यातच १९०३च्या सुमारास उत्पन्न कमी असलेली बरीच गावं शेजाऱ्यांत विलीन केली गेली आणि काही पुढे पुन्हा वेगळी झाली. म्हणून 'स्थापना' एवढंच न लिहिता कशाची स्थापना ते लिहा. १९९१च्या कायद्यात नव्या म्युनिसिपालिटीसाठी २५,००० लोकसंख्या, २५ लाख पेसो सरासरी वार्षिक उत्पन्न आणि ५० चौरस किलोमीटर क्षेत्र अशा अटी आहेत. त्या जुन्यांना लावून बघू नका.

पुएब्लोच्या मान्यतेचे अर्ज आणि वाद राष्ट्रीय अभिलेखागारात 'एरेक्सिओन दे पुएब्लोस' या दप्तरात सापडतात. पॅरिशच्या बाप्तिस्मा-लग्नाच्या वह्याही पाहा, मात्र १८४९मध्ये गव्हर्नर क्लावेरियाने आडनावं वाटून दिली, त्यामुळे एकच घराणं त्याआधी वेगळ्या नावाने नोंदलेलं असू शकतं. १९५१ ते १९५३ दरम्यान शिक्षकांनी गावोगावी जमवलेले 'हिस्टॉरिकल डेटा पेपर्स' राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. बारांगायच्या पातळीवर इतका ऐवज दुसरीकडे क्वचितच मिळेल. त्यात 'स्पॅनिश शिपायाने विचारलं, गावकऱ्याने भलतंच उत्तर दिलं आणि तेच गावाचं नाव पडलं' ही कथा वारंवार भेटते. ती लोककथा म्हणूनच नोंदवा. १९७४पूर्वीच्या कागदांत बारांगायला 'बारिओ' म्हटलेलं असतं, हेही ध्यानात ठेवा.

गाव आज आहे तिथेच पूर्वी होतं, असं गृहीत धरू नका. ताआल तलावाकाठचं जुनं ताआल गाव १७५४च्या ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर हललं आणि त्या जागी आज बातांगासमधलं सान निकोलास आहे. १८१४मध्ये मायोन ज्वालामुखीने काग्सावा गाव गाडलं आणि वाचलेले लोक दारागाला गेले. नुएवा एसिहातलं जुनं पांताबांगान १९७०च्या दशकात धरणाखाली गेलं. दुष्काळात पाणी ओसरलं की तिथल्या चर्चचे अवशेष उघडे पडतात, २०२४मध्ये पडले होते तसे. आपल्या म्युनिसिपालिटीत 'लुमांग बायान', म्हणजे जुनं गाव, नावाचा बारांगाय असेल तर तिथून शोध सुरू करा.

शेवटी १९०३, १९१८, १९३९, १९४८ अशा जनगणनांची लोकसंख्या ओळीने मांडा. मध्येच आकडा घसरलेला दिसला तर युद्ध किंवा स्थलांतर ही कारणं लिहिण्याआधी, त्या काळात एखादा भाग तोडून वेगळी म्युनिसिपालिटी केली होती का, ते तपासा.