सदतीस की त्र्याहत्तर: उपग्रह जोडणीच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

दर दोन-चार महिन्यांनी सांगली-कोल्हापूरकडच्या कुणाचा तरी मेसेज येतो. "ताई, मेकॅनिकल केलंय, सॅटेलाइटच्या कामात यायचंय, काय शिकू?" प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून कंटाळले, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी बंगळुरूत यानांची जोडणी आणि चाचण्या करते. आमच्याकडे याला एआयटी म्हणतात: असेंब्ली, इंटिग्रेशन, टेस्टिंग.

हे डिझाइनचं काम नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करा. बॅटरी एकीकडून येते, टाकी दुसरीकडून, कॅमेरा तिसरीकडून. आम्ही ते जोडतो आणि मग सगळ्याला मिळून छळतो. सुरुवातीला आई रोज फोनवर विचारायची, "आज काय केलंस?" मी सांगायचे, "एक कनेक्टर लावला." "दिवसभरात?" "हो." तिला अजून वाटतं मी काहीतरी लपवते.

पण एक कनेक्टर लावायचा म्हणजे आधी भिंगातून दोन्ही बाजूंच्या पिना बघायच्या, एखादी वाकलेली तर नाही ना. मग जोडणीच्या नोंदवहीत लिहायचं, कारण कनेक्टर किती वेळा लावायचा-काढायचा यालाही मर्यादा असते. म्हणूनच रोजच्या चाचण्यांसाठी मधे एक जास्तीचा तुकडा लावतात. झीज व्हायची ती त्याची होऊ दे. मग स्क्रू टॉर्क रेंचनं ठरलेल्या मापाला आवळायचा, दुसऱ्या माणसानं आकडा बघायचा, आणि स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत रंगाची बारीक रेघ ओढायची. पुढे कधी तो फिरला तर रेघ तुटलेली दिसते. आणि मग सह्या. घाईत असणाऱ्यांना हे काम सोसत नाही, मीही घाईतलीच होते.

क्लीन रूमची सवय लागायला महिनाभर जातो. आमची खोली आयएसओ 8 वर्गाची आहे: एका घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण 35,20,000 च्या आत. आकडा ऐकायला प्रचंड वाटतो, पण साध्या खोलीतल्या हवेत त्याच्या साधारण दहापट असतात. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, फक्त डोळे उघडे. काजळ नाही, पावडर नाही, अत्तर नाही. बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र लॉकरमध्ये. संक्रांतीच्या दिवशी टिकली काढून आत जाताना पहिल्या वर्षी जरा जीवावर आलं होतं, आता आठवतही नाही. मनगटाला पट्टा असतो, त्याची वायर जमिनीला जोडलेली, आणि तिच्यात एक मेगाओहमचा रोध, म्हणजे अंगातली स्थिर वीज हळूहळू निघून जाते आणि चुकून कुठे चालू वायरीला हात लागलाच तर आपण वाचतो. हवा फार कोरडी झाली की स्थिर वीज वाढते, म्हणून आर्द्रतेवरही लक्ष ठेवावं लागतं.

नव्या माणसाला मी पहिल्याच आठवड्यात सनीव्हेलची गोष्ट सांगते. 6 सप्टेंबर 2003, कॅलिफोर्निया. नोआ-एन प्राइम नावाचा हवामान उपग्रह फिरत्या गाड्यावर उभा होता. तो आडवा करायला घेतला आणि सरळ जमिनीवर आदळला. तो ज्या पट्टीवर बसवला होता तिचे 24 बोल्ट दुसऱ्या कामासाठी कुणीतरी आधीच काढले होते आणि त्याची नोंद नव्हती. आडवा करणाऱ्यांनीही जुन्या कागदांवर विसंबून बोल्ट आहेत असं धरलं. दुरुस्त होऊन तो 2009 साली उडाला खरा. पडलेल्या उपग्रहाचा फोटो मी जेवणाच्या टेबलाजवळ चिकटवून ठेवलाय.

आता चाचण्या. व्हायब्रेशनमध्ये यान मोठ्या टेबलावर घट्ट बसवतात आणि रॉकेट हलवेल तसं हलवतात. नवख्यांना वाटतं, जोरात हलवणं हीच चाचणी. खरी गंमत आधी आणि नंतर असते. आधी अगदी हलकेच वेगवेगळ्या वारंवारतेनं हलवून एक आलेख घेतात, मग पूर्ण जोरानं, मग पुन्हा हलकेच. पहिला आणि तिसरा आलेख एकमेकांवर ठेवायचे. शिखरं, म्हणजे यान ज्या वारंवारतेला सगळ्यात जास्त थरथरतं त्या जागा, जागच्या जागी असतील तर आत काही ढिलं झालेलं नाही. एखादं शिखर सरकलं असेल तर शोध सुरू. चांद्रयान-3 च्या अशाच कंपनाच्या आणि आवाजाच्या चाचण्या मार्च 2023 च्या पहिल्या आठवड्यात बंगळुरूत झाल्या, आणि 14 जुलैला ते उडालं. 1,752 किलोचं लँडर, त्याच्या पोटात 26 किलोचं रोव्हर. ज्या झटक्यांतून ते जाणार होतं त्यांची आधी जमिनीवरच तालीम.

आवाजाची चाचणी आणि विद्युतचुंबकीय चाचणी यांबद्दल इथे लिहीत नाही, ती आमच्यात दुसरी मंडळी करतात. थर्मोव्हॅकबद्दल मात्र लिहायलाच हवं.

थर्मोव्हॅक म्हणजे निर्वात टाकीत यानाला तापवणं आणि गोठवणं. टाकीतला दाब बाहेरच्या हवेच्या दहा कोटीव्या भागापर्यंत उतरवतात, भिंतींमधून द्रव नायट्रोजन फिरतो. हवाच नसल्यामुळे उष्णता फक्त धातूतून किंवा किरणांनी जाते, म्हणून एक तापमान स्थिर व्हायला तासच्या तास लागतात. चोवीस तास, तीन पाळ्या, कितीतरी दिवस. यानाचे स्वतःचे सेन्सर असतातच, शिवाय आम्ही बाहेरून थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या बारीक तारा, चिकटवतो. आता सांगते त्या वेळी ते 112 होते.

माझं तिसरं वर्ष. रात्रीचे पावणेतीन, थंड टप्पा. चॅनेल 37, म्हणजे 37 नंबरचं थर्मोकपल, बॅटरीची वरची बाजू, दाखवत होतं उणे 31. लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली गेली की तिला चार्ज करणं धोक्याचं. आणि यानाचा स्वतःचा सेन्सर त्याच बॅटरीचं तापमान सांगत होता अधिक 9. दोघांतलं एक खोटं बोलत होतं. चाचणीप्रमुखांनी आहे तिथे थांबायला सांगितलं. खोलीत कुणी बोलेना.

शेवटी त्यांनी साधी युक्ती केली. बॅटरीचा हीटर वीस मिनिटं चालू ठेवला आणि पडद्यावरच्या 112 च्या 112 रेघा बघत बसले. 37 हललंही नाही. 73, जे कागदावर अँटेनाच्या आधाराला चिकटवलेलं होतं, ते दोन अंशांनी चढलं.

ते थर्मोकपल मी चिकटवले होते. मदतीला कराडकडचे एक टेक्निशियन काका होते. दोघंही बऱ्याच दिवसांनी मराठीत बोलत होतो, मजेत होतो. ते यादी वाचत होते, "सदतीस, मॅडम, बॅटरी, वरची बाजू," आणि मी वायरीच्या टोकाच्या चिठ्ठीवर आकडा लिहीत होते. आता नीट ऐका: सदतीस. कानावर आधी सात पडतो. माझ्या हातानं आधी सातच लिहिला. पुढे त्र्याहत्तर आलं, कानावर आधी तीन, हातानं तीनच लिहिला. दोन्ही आकडे इतके चोख उलटले की कुठला नंबर दोनदा आला नाही, कुठला राहिला नाही. मोजणी बरोबर, 112 पैकी 112. फेरतपासणी केली ती आम्ही दोघांनीच, तशीच मोठ्यानं वाचून. शेवटची सही करणाऱ्यानं कागद पाहिला, वायर नाही.

सकाळी कारण सांगायला उभी राहिले तेव्हा कानडी आणि तमिळ सहकाऱ्यांना चूकच कळेना. कन्नडमध्ये मूवत्तेळु, म्हणजे तीस आधी, सात नंतर. फळ्यावर लिहून समजावलं, तेव्हा सगळे हसले, मीही हसले, आणि मग पाच तास वाया गेल्याचा अहवाल लिहायला बसले. टाकी उघडावी लागली नाही, चॅनेलचा तक्ता दुरुस्त करून पुढे गेलो, एवढंच नशीब. ओरडलं कुणी नाही. या कामात चूक सांगणाऱ्याला ओरडत नाहीत, नाहीतर पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही. लपवणाऱ्याला मात्र पुन्हा यानाला हात लावू देत नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडे आकडा सुटा बोलतात: तीन, सात. आणि टाकी बंद करण्याआधी एक जण आत प्रत्येक थर्मोकपलवर बोट टेकवतो, बाहेरचा पडद्यावर बघतो कुठली रेघ चढली ते. ग्लोव्हजमधून बोटाची ऊब पुरेशी पोचते.

आता येण्याच्या वाटा. इस्रोत बीई-बीटेकवाल्यांची भरती 'सायंटिस्ट/इंजिनिअर एससी' या पदावर होते. 65 टक्के किंवा 6.84 सीजीपीए ही अट बरीच वर्षं दिसते, पण दर वेळची जाहिरात नीट वाचा. डिप्लोमावाल्यांसाठी टेक्निकल असिस्टंट, आयटीआयवाल्यांसाठी टेक्निशियन. आयटीआयला कमी लेखू नका. फिटर आणि इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक यांच्या हातांशिवाय एकही यान उभं राहत नाही. ते कराडचे काका आयटीआयचेच, आणि टॉर्क रेंच धरायला मी त्यांच्याकडूनच शिकले. शिवाय आता खासगी कंपन्याही माणसं घेतात.

कॉलेजात असाल तर विद्यार्थी उपग्रहाचा गट शोधा. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांचा 'स्वयम्' 22 जून 2016 ला उडाला, जेमतेम किलोभराचा. मुंबई आयआयटीचा 'प्रथम' त्याच वर्षी 26 सप्टेंबरला. असला गट नसेल तर सोल्डरिंग शिका, क्रिम्पिंग (वायरीच्या टोकावर पिन दाबून बसवणं) शिका, व्हर्निअर नीट वाचायला शिका, आलेख काढण्यापुरतं पायथन शिका. आणि अक्षर सुधारा, खरंच सांगते. माझे 1 आणि 7 अजून सारखे दिसतात, म्हणून मी सातच्या पोटातून आडवी रेघ मारते.

मला मेसेज करताना मार्कशीट पाठवू नका. स्वतः केलेल्या सोल्डरिंगचा जवळून काढलेला फोटो पाठवा, बोर्डाच्या मागच्या बाजूचाही.