मुंबईत डेट ठरवताय? जागेआधी वेळ बघा, आणि या चुका टाळा

मुंबईत दोघांनी निवांत भेटायचं म्हटलं की गाडी फिरून फिरून हॉटेलच्या टेबलापाशीच येते. टेबल बुक करता येतं, एसी असतो, बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. समुद्राकाठी जायचं ठरवलं तर मात्र कधी उन्हाचे चटके, कधी पाण्याखाली गेलेली चौपाटी, कधी कुलूप लावलेलं फाटक. मग दोष जागेला. ‘जुहूत आता काही राम राहिला नाही’, ‘राणीच्या बागेत काय लहान मुलांसारखं जायचं’. माझं मत विचाराल तर या शहरात जागा क्वचितच चुकते, चुकते ती वेळ. नवी ओळख असो की मुलांना आजीकडे सोडून निघालेलं दहा वर्षांचं लग्न, खाली दिलेल्या चुका दोघांनाही सारख्याच नडतात.

भरती-ओहोटी न बघता चौपाटी गाठणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती समुद्राकाठी जन्मलेली माणसंही करतात. चौपाटी म्हणजे कायम तेवढीच रुंद वाळू, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मुंबईचा समुद्र दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो, आणि ही वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. त्यामुळे गेल्या शनिवारी सहा वाजता जिथे अनवाणी मैलभर चाललात, तिथे या शनिवारी सहाला उभं राहायला जागा नसेल.

भरतीची वेळ आज मोबाइलवर सेकंदात कळते, पण कोकणातला जुना हिशोब अजूनही हाताशी ठेवण्यासारखा आहे. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावस्येला ती दुपारी बाराच्या आसपास येते आणि तिथून सहा तासांनी, म्हणजे नेमकी संध्याकाळी, ओहोटी लागलेली असते. हा अंदाज आहे, मिनिटांचा हिशोब नाही. पण डेट कोणत्या आठवड्यात ठेवायची ते ठरवायला पुरतो. वाळूवर लांब चालायचं असेल तर पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे जुहू किंवा वर्सोवा धरा. अष्टमीच्या संध्याकाळी वाळूचा नाद सोडा आणि मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसा, पाणी आपणहून तुमच्या पायाशी येईल.

उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागच्या, दिवसांतली ओहोटी ही तर मुंबईतली सर्वांत कमी वापरलेली डेट आहे. पाणी खूप आत गेलं की हाजी अली, कार्टर रोड, गिरगाव इथले खडक उघडे पडतात आणि त्यांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. पाच मिनिटं एका खळग्यापाशी उकिडवं बसा. आधी काहीच दिसत नाही. मग दगडावरचा एक शंख चालू लागतो, कारण त्यात गोगलगाय नसून भाड्याने राहायला आलेला खेकडा असतो. बाजूला हिरवट-तपकिरी फुलासारखं काहीतरी पाण्यात डोलत असतं. ते समुद्रफूल, म्हणजे चक्क प्राणी. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७ पासून अशा किनारफेऱ्या काढतो. पहिल्यांदा जाताना त्यांच्यासारख्या जाणत्यांबरोबर जावं. काही उचलून घरी न्यायचं नाही आणि पाणी वळलं की आपणही वळायचं. पायात पट्ट्यांच्या घट्ट सँडल हव्यात. शेवाळावर फ्लॅट चपला म्हणजे आपटलातच.

हाजी अलीच्या दर्ग्याची वाट भरतीत पाण्याखाली जाते हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर वेळी एखादी जोडी रस्त्याच्या टोकाला उभी राहून पाणी ओसरायची वाट बघताना दिसतेच.

सूर्यास्तासाठी चुकीच्या टोकाला बसणं

गिरगाव चौपाटीवर ‘सूर्य समुद्रात बुडताना’ बघायला जाणारे बरेच आहेत. तिथून सूर्य मलबार हिलच्या इमारतींमागे जातो, कारण ती टेकडी चौपाटीच्या बरोबर पश्चिमेला आडवी आहे. पाण्यात उतरणारं सूर्यबिंब हवं असेल तर नरिमन पॉइंटच्या टोकाकडे सरका. मधल्या पट्ट्यात, मरीन लाइन्सच्या समोर, गंमत ऋतूवर अवलंबून असते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून पाण्यात बुडतो. उन्हाळ्यात उत्तरेला सरकलेला असतो, तेव्हा तोच टेकडीआड जातो.

वेळही ध्यानात ठेवा. डिसेंबरच्या सुरुवातीला सहालाच सूर्य मावळतो, जूनच्या अखेरीस सव्वासात वाजून जातात. ‘सहाला निघू ऑफिसातून’ हे वाक्य मे महिन्यात चालतं, डिसेंबरात अंधारात पोचवतं.

चर्चगेटला तासभर आधी पोचता आलं तर थेट समुद्रावर न जाता ओव्हल मैदानावर थांबा. एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर ही गॉथिक रांग, समोर पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची. दोन्ही मिळून २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. उतरतं ऊन पश्चिमेकडून मैदान ओलांडून त्या जुन्या दगडावर पडतं आणि करडा दगड मधाच्या रंगाचा होतो. मधे मैदानात एकाच वेळी पाच-सहा क्रिकेटचे सामने चालू असतात, कुणाचा फिल्डर कुणाच्या पिचवर उभा आहे ते कळत नाही. पहिल्या भेटीत बोलायला विषय सुचत नसेल तर यापेक्षा चांगली जागा नाही. एक पैसा लागत नाही, आणि मावळतीला मरीन ड्राइव्ह चालत दहा मिनिटांवर.

दुपारी तीन-चारला भेटायचं ठरवणं

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथे कामाला येतात. दिवसा जमीन तापते, मग समुद्रावरून खारे वारे सुटतात. पण तीन-चारला वारा असला तरी ऊन डोक्यावर असतं आणि हवेतला दमटपणा घाम सुकू देत नाही. एप्रिल, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत इस्त्रीचा कुर्ता दहा मिनिटांत पाठीला चिकटतो आणि मग माणूस समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं सोडून पंखा शोधू लागतो.

दुपारचीच वेळ मोकळी असेल तर छताखालचं काहीतरी निवडा आणि पाचनंतर बाहेर पडा. नाहीतर सरळ पहाटे भेटा. सकाळी साडेसहाला मरीन ड्राइव्हवर पळणारे, योगा करणारे आणि कुत्री एवढेच असतात. ज्यांना मासळीचं वावडं नाही त्यांनी एकदा पहाटे ससून डॉकला जावं. टोपल्या, बर्फ, लिलावाचा गलका आणि मधून वाट काढणाऱ्या हातगाड्या. कापडी बूट घालून जाल तर ते बूट नंतर फेकावे लागतील. आणि कोळणीच्या टोपलीवर वाकून फोटो काढत बसाल तर जे ऐकून घ्याल ते डेटच्या आठवणीत कायम राहील. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा जाऊन उपयोग नाही.

सोमवार, बुधवार आणि मेगाब्लॉक

घारापुरी सोमवारी बंद. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि त्यातल्या कान्हेरी लेण्या सोमवारी बंद. नेहरू तारांगण सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी बंद, आणि बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. ज्यांची सुट्टीच सोमवारी असते, आणि पार्लर-हॉटेलांत काम करणारी अशी पुष्कळ माणसं आहेत, त्यांच्यावर हा अन्यायच म्हणायचा. त्यांच्यासाठी फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, ते सोमवारीही उघडं असतं.

रविवार वाटतो सोयीचा, पण रविवारी मेगाब्लॉक. सकाळी दहा-अकरापासून दुपारी चारपर्यंत गाड्या रखडतात, काही स्टेशनांवर थांबतच नाहीत. शनिवारी रात्री रेल्वेची सूचना वाचायला दोन मिनिटं लागतात.

आणि ‘दादरला भेटू’ एवढ्यावर कधीही थांबू नका.

“कुठे आहेस?”
“इंडिकेटरखाली.”
“कोणत्या?”
“अगं, पुलावरून उतरल्यावरचा.”
“कोणता पूल?”

यात वीस मिनिटं जातात, दोघंही एकमेकांना शोधत विरुद्ध पुलांवरून चालत राहतात. वेस्टर्न की सेंट्रल, फलाट कितवा, बाहेर भेटायचं तर कबुतरखान्याकडे की हिंदमाताकडे, हे आधी लिहून पाठवा.

बोटीचा भरवसा धरणं

गेटवेहून अलिबागजवळच्या मांडव्याला जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, जाते, पण तीही हवामान बघून. घारापुरीला जायला तासभर लागतो, वर लेण्यांपर्यंत पायऱ्या, आणि परतीची शेवटची बोट संध्याकाळीच सुटते. तेव्हा ‘दुपारी जाऊन येऊ’ हा बेत मुळातच कच्चा. घारापुरीला सकाळची पहिली-दुसरी बोट पकडायची, नाहीतर बेत दुसऱ्या दिवसावर.

एवढा वेळ नसेल तर वर्सोव्याहून मढची फेरीबोट घ्या. खाडी ओलांडायला मोजकी मिनिटं, तिकीट किरकोळ, बाजूला कुणाची बाइक, कुणाच्या पाट्या. वर्सोवा कोळीवाड्यातून धक्क्यावर जाताना बांबूंवर टांगलेले बोंबील वाळत असतात. वास येणारच. नाकाला रुमाल लावणाऱ्या माणसाबरोबर पुढची डेट ठरवायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

नोव्हेंबर ते मे या काळात ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, उतरतात. ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून बोट निघते, पण कधी ते भरती ठरवते. आधी बोटीची वेळ विचारा, मग सुट्टी टाका. उलटं केलंत की चिखल बघून परत याल.

पावसाळ्यात खडकांवर जाणं

इथे थट्टा नाही. मरीन ड्राइव्हचे टेट्रापॉड (लाटा अडवणारे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे), बँडस्टँडचे खडक, अक्साचा किनारा, तिन्ही ठिकाणी सेल्फी काढताना आणि पाण्यात उतरून माणसं गेलेली आहेत. जून ते सप्टेंबर साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस महापालिका आधीच जाहीर करते. त्या दिवशी लाटा बघायच्या त्या रस्त्यापलीकडून. पावसाळ्यात जुहू-गिरगावच्या वाळूवर निळे फुगे दिसले तर हात लावू नका. त्यांना ब्लूबॉटल म्हणतात आणि दंश आगीसारखा झोंबतो.

पावसातली खरी डेट कान्हेरीला. शंभरावर लेण्या, कातळावरून ओघळणारं पाणी, आणि भिक्खूंनी दोन हजार वर्षांपूर्वीपासून कोरलेली दगडी बाकं. धो-धो पाऊस आला की जवळच्या लेणीत शिरायचं आणि बाकावर बसून राहायचं.

किंवा नाटक. फक्त उशीर करू नका. जुहूच्या पृथ्वी थिएटरला तिसरी घंटा झाली की दार बंद, विनवणी चालत नाही. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात तेवढा कडकपणा नसला तरी अंधारात पंधरा जणांचे गुडघे ओलांडत जागेवर पोचणं काही रोमँटिक नव्हे. मध्यंतरातला बटाटावडा मात्र दोघांत एक घेऊ नका, दोन घ्या.

परतीचं न ठरवणं

येतानाचा सगळा बेत असतो, जातानाचा नसतो. वांद्र्याच्या आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा मिळत नाही. मरीन ड्राइव्हवर रात्री अकराला टॅक्सी नको असेल तर चर्चगेट गाठावंच लागतं. शेवटची लोकल मध्यरात्रीनंतर सुटते खरी, पण तिच्या भरवशावर बसण्यापेक्षा दोन गाड्या आधीची धरा. एक जण वेस्टर्नवर आणि दुसरा सेंट्रलवर राहत असेल तर दादरपर्यंत एकत्र जाता येतं. लेडीज डब्यात ती आणि जनरलमध्ये तो, असा विरह नको असेल तर एसी लोकलचं तिकीट काढा, आणि त्या लाइनवर एसी लोकलची शेवटची फेरी किती वाजता आहे ते निघण्याआधीच बघून ठेवा.