गरोदरपणात रक्ताचा रिपोर्ट कसा वाचायचा

रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा बहुतेक वेळा गरोदर नसलेल्या बाईची असते. त्यामुळे आकड्यापुढे ठळक 'एच' (जास्त) किंवा 'एल' (कमी) दिसला म्हणून घाबरू नका, आणि दिसला नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. आधी रिपोर्टवर पेनाने कितवा आठवडा चालू आहे ते लिहा, मग आकडे बघा.

सगळ्यात जास्त काळजी हिमोग्लोबिनची असते. गरोदरपणात रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे प्लाझ्मा, 40 ते 50 टक्के वाढतो. तांबड्या पेशी मात्र 20 ते 30 टक्केच. रक्त पातळ होतं आणि हिमोग्लोबिन उतरतं. पण त्यालाही मर्यादा आहे. सरकारी दवाखान्यात 11 ग्रॅमच्या खाली ॲनिमिया धरतात. मधल्या तिमाहीत काही डॉक्टर 10.5 धरतात. 7 च्या खाली गेलं तर घरी गोळ्यांवर थांबू नका, रुग्णालय गाठा.

हिमोग्लोबिन ज्यात असतं त्याच सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार बघा. तो 80 च्या खाली असेल तर फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, करून घ्या. 30 च्या खाली म्हणजे लोह कमी. फेरिटिन चांगलं आणि एमसीव्ही कमी असेल तर थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे हिमोग्लोबिनच्या सौम्य आनुवंशिक दोषाची, शंका घ्यावी. बाईची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी) तपासणी करा, ती सदोष आली तर नवऱ्याचीही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराची तपासणी पहिल्याच भेटीत झालेली बरी.

सरकारी गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. ती चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. दोन तासांचं अंतर ठेवा. महिन्याभरात हिमोग्लोबिन 1 ग्रॅमनेही वाढलं नाही तर कारण शोधायला हवं.

क्रिएटिनिनकडे, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकतं त्या टाकाऊ पदार्थाकडे, मात्र फार कमी जणांचं लक्ष जातं. मूत्रपिंड जास्त रक्त गाळत असल्याने तो साधारण 0.4 ते 0.8 पर्यंत उतरतो. म्हणजे 1.0 हा आकडा रिपोर्टवर बिनखुणेचा सुटला, तरी गरोदर बाईसाठी तो जास्तच. लगेच बीपी आणि लघवीतलं प्रोटीन तपासा.

पांढऱ्या पेशी 15 हजारांपर्यंत गेल्या आणि ताप नसेल, तर बहुधा चिंता नाही. ईएसआर, म्हणजे नळीत तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग, वाढतोच. अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम वारेमुळे शेवटच्या महिन्यांत दुप्पट-तिप्पट होतं. पण एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम गरोदरपणामुळे वाढत नाही. ते वाढलं आणि तळहात-तळपायांना खाज असेल, किंवा डोकं दुखून बीपी चढलं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. प्लेटलेट थोड्या उतरतात. 1 लाखाच्या खाली आल्या तर आधी स्लाइडवर मोजून घ्या, कारण नळीत गुठळ्या झाल्या तरी मशीन कमी मोजतं.

साखरेसाठी 75 ग्रॅम ग्लुकोज 300 मिलिलिटर पाण्यात घालून 5 ते 10 मिनिटांत प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. 140 किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासात उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. एकदा चांगली आली तरी 24 ते 28 आठवड्यांत परत करायची. त्याऐवजी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, चालत नाही. या काळात तो आपोआप कमी दिसतो.