वेबवरची भांडणं मोजायची असतील तर आधी ती वाचा

मी प्रोग्रामर, माझी सहकारी समाजशास्त्राची. आम्ही दोघींनी मिळून पहिला अभ्यास हाती घेतला तो विकिपीडियावर लोक एकमेकांशी कसे भांडतात याचा. तिथे प्रत्येक लेखाचा संपादन-इतिहास उघड असतो: कुणी, कधी, काय बदललं आणि कुणी ते उलटवलं. मी ‘एक उलटवणं म्हणजे एक भांडण’ असं धरून दोन दिवसांत प्रोग्राम लिहिला आणि आलेख तिच्यापुढे ठेवला. तिने आलेखाकडे पाहिलंच नाही. म्हणाली, “यातली वीस भांडणं मला उघडून दाखव.” उघडली. बहुतेक ठिकाणी कुणीतरी लेख पुसून शिवी लिहिली होती आणि बॉटने, म्हणजे आपोआप संपादन करणाऱ्या प्रोग्रामने, काही सेकंदांत तो पूर्ववत केला होता.

“अगं, यात भांडतंय कोण?”

तेव्हापासून आमची जी पद्धत बसत गेली ती इथे मांडतेय. तुम्ही संगणकाच्या बाजूचे असा वा समाजशास्त्र-मानसशास्त्राच्या, वेबवरच्या माणसांचा अभ्यास एकट्याने करायला जाल तर माझ्यासारखं तोंडावर पडाल.

जोडीदार सुरुवातीलाच घ्या. “जरा डेटा काढून दे” किंवा “शेवटी दोन परिच्छेद सिद्धान्ताचे टाक” अशी कामं सांगण्यापुरता घेतलेला जोडीदार काही कामाचा नाही. २००६ मध्ये एमआयटी आणि साउथॅम्प्टन विद्यापीठाने मिळून ‘वेब सायन्स’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात वेबचा जनक टिम बर्नर्स-ली, वेंडी हॉल, नायजेल शॅडबोल्ट ही मंडळी होती. त्यांचं म्हणणं साधं होतं: वेबचे नियम अभियंते लिहितात, पण कोट्यवधी माणसं ते वापरू लागली की जे घडतं ते त्या नियमांत कुठेच लिहिलेलं नसतं. ते समजून घ्यायला दोन्हीकडचे लोक एकाच टेबलाशी लागतात.

टेबलाशी बसलात की पहिला तास शब्दांवर घालवा. आम्ही एका कागदावर दहा शब्द लिहिले आणि प्रत्येकीने आपापला अर्थ लिहिला. ‘समुदाय’ म्हणजे माझ्या लेखी आपसात जास्त दुवे असलेला, अल्गोरिदमने वेगळा काढलेला गट. तिच्या लेखी, एकमेकांना आपलं मानणारी माणसं. ‘कमकुवत नातं’ म्हणजे महिन्याला कमी संदेश, असं मी बिनधास्त धरत होते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरने १९७३ च्या आपल्या निबंधात नात्याचं बळ चार गोष्टींवर ठरवलं होतं: दिलेला वेळ, भावनेची तीव्रता, जवळीक आणि एकमेकांसाठी केलेली कामं. माझ्या लॉगमध्ये, म्हणजे संकेतस्थळाने आपोआप ठेवलेल्या नोंदींत, यातली जेमतेम एक होती, तीही अर्धवट. तो कागद अजून माझ्या फाइलला टाचलेला आहे.

मग प्रश्न लिहा, एका वाक्यात आणि त्यात कुठल्याही साधनाचं नाव न घेता. ‘अमुक संकेतस्थळाच्या डेटावर मशीन लर्निंग’ हा प्रश्न नव्हे, ती हौस झाली. ‘अनोळखी माणसांतला मतभेद कुठल्या टप्प्यावर वैयक्तिक होतो?’ हा प्रश्न झाला. त्याखाली हेही लिहा की काय दिसलं तर आपण चुकलो असं मान्य करू. हे आकडे पाहण्याआधी लिहायचं. नंतर लिहिलं तर आपण आपल्याच सोयीचं लिहितो.

आता खरं काम. एकंदर नोंदींतून दोनशे नोंदी यादृच्छिक पद्धतीने प्रोग्रामकडून निवडून घ्या (स्वतः निवडल्या की मजेदार तेवढ्याच हाताला लागतात) आणि दोघांनी वेगवेगळं बसून त्या वाचा. प्रत्येक नोंदीला खूण करा: भांडण, किंवा नाही. मग खुणा ताडून पाहा. आमचं पहिलंच वाक्य अडलं: “धन्यवाद, आपण फारच अभ्यासू दिसता.” मी ‘सभ्य’ अशी खूण केली होती. तिने वरचे चार संदेश वाचले होते, म्हणून तिची खूण ‘भांडण’. त्या एका वाक्यावर आम्ही पाऊण तास घालवला आणि कोडबुकात (कशाला कुठली खूण करायची याच्या आमच्या नियमवहीत) नियम आला: कुठलाही संदेश एकटा वाचायचा नाही, आधीचे निदान तीन संदेश वाचूनच खूण करायची.

खुणा किती जुळल्या हे नुसत्या टक्केवारीत सांगू नका. समजा, शंभर नोंदींपैकी ८५ ना दोघांनी ‘भांडण नाही’ म्हटलं, ३ ना दोघांनी ‘भांडण’ म्हटलं आणि १२ वर मतभेद झाला, दोन्ही बाजूंनी सहा-सहा. जुळणी ८८ टक्के, ऐकायला झकास! पण दोघंही शंभरातल्या ९१ नोंदींना ‘नाही’ म्हणतायत, तर नुसत्या योगायोगानेही जवळजवळ ८४ टक्के जुळलंच असतं. तो योगायोग वजा करणारं कोहेनचं कप्पा हे माप (पूर्ण एकमत म्हणजे १) काढलं तर येतं ०.२७ च्या आसपास. म्हणजे भांडण कशाला म्हणायचं यावर तुमचं अजून एकमत झालेलंच नाही. व्याख्या सुधारा, नव्या दोनशे नोंदी घ्या, परत वाचा. आम्हाला चार फेऱ्या लागल्या. कंटाळवाणं आहे, पण या पायरीवर वेळ वाचवू नका.

त्यानंतर मोजा, पण लॉग तुमच्यासाठी लिहिलेला नसतो हे धरून. एक खातं म्हणजे एक माणूस असं नाही. नुसते वाचून निघून जाणारे लोक त्यात दिसतच नाहीत. विकिपीडियाच्या इतिहासातल्या वेळा यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेत, साठवलेल्या असतात. ते विसरून मी एकदा ‘लोक पहाटे तीनला जास्त चिडतात’ असा शोध लावला होता. आणि संकेतस्थळाचे स्वतःचे नियम तर सगळ्यांत फसवे. एका आलेखात भांडण तिसऱ्या उलटवण्यानंतर एकदम थंडावत होतं. मी कच्च्या मसुद्यात लिहिलंही, ‘इथे लोक थकतात.’ लोक थकत नव्हते. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवायला मनाई आहे. तिसऱ्याला लोक मोजून थांबतात.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. गूगलने २००८ मध्ये लोकांच्या शोधांवरून फ्लूच्या साथीचा अंदाज देणं सुरू केलं. २०१२-१३ च्या हंगामात तो अंदाज डॉक्टरांकडच्या नोंदींच्या दुपटीहून वर गेला. फ्लूबद्दल शोधणारा प्रत्येक जण आजारी नसतो आणि शोधयंत्र स्वतःच सूचना बदलत राहतं, तर मोजपट्टीच हलत असते.

‘कशामुळे’ हा प्रश्न असेल तर नुसते लॉग पुरत नाहीत, प्रयोग करावा लागतो. मला आजही सर्वांत देखणा वाटतो तो सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स यांचा २००६ चा प्रयोग. १४,३४१ लोक, अनोळखी बँडची ४८ गाणी. काहींना गाणी नुसतीच दिली. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या ‘जगां’त वाटलं आणि त्या-त्या जगात आधी किती जणांनी कुठलं गाणं उतरवून घेतलं ते दाखवलं. गाणी तीच, पण लोकप्रिय ठरलेलं गाणं जगागणिक वेगळं. अगदी उत्तम गाणी सहसा आपटली नाहीत, अगदी सुमार गाणी सहसा चढली नाहीत. मधल्यांचं काही सांगता येत नव्हतं. खऱ्या आयुष्यात गोष्ट एकदाच घडते, म्हणून नशीब किती आणि गुण किती हे वेगळं काढता येत नाही. वेबवर तीच गोष्ट आठ वेळा घडवता येते, ही युक्ती उचलण्यासारखी आहे.

मात्र प्रयोगाआधी नैतिकता समितीची लेखी मंजुरी घ्या, डेटा गोळा केल्यावर नव्हे. फेसबुकवर ६,८९,००३ लोकांच्या फीडमधल्या आनंदी-दुःखी पोस्टचं प्रमाण बदलून पाहिल्याचा निबंध २०१४ मध्ये आला. परिणाम अगदी बारीक निघाला, पण लोकांना न विचारल्याबद्दलचा गदारोळ मोठा झाला. आणि नावं खोडली म्हणजे झालं, असं समजू नका. एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने २००६ मध्ये साडेसहा लाखांच्या आसपास वापरकर्त्यांचे शोध नावांऐवजी क्रमांक लावून जाहीर केले. पत्रकारांनी एका क्रमांकामागची व्यक्ती नुसत्या शोधांवरून हुडकून काढली. आम्ही निबंधात कुणाचंही वाक्य जसंच्या तसं छापत नाही, कारण ते शोधयंत्रात टाकलं की लिहिणारा सापडतो. शब्द बदलतो आणि बदललेलं वाक्य स्वतः शोधून पाहतो.

डेटा मिळेल तेव्हा कच्ची प्रत तारखेसह वेगळी ठेवा. ट्विटरने २०२३ मध्ये मोफत एपीआय (प्रोग्रामने डेटा काढून घेण्याची सोय) बंद केल्यावर कितीतरी अभ्यास अर्ध्यावर राहिले.

राहता राहिला निबंध. तो कुठे पाठवायचा आणि नावांचा क्रम काय, हे काम सुरू होतानाच ठरवा. संगणकवाल्यांना परिषदेतला निबंध मोलाचा, समाजशास्त्रात नियतकालिकातला. त्यात दोन-दोन वर्षं जातात. आम्ही हे ठरवलं नव्हतं. आठ महिने काम उत्तम चाललं आणि मग पहिलं नाव कुणाचं यावर आमची जुंपली, ईमेलमधून, अत्यंत सभ्य भाषेत. तिने ती सगळी मालिका मला परत पाठवली आणि खाली लिहिलं, “आपल्या कोडबुकाप्रमाणे खूण कर.”