मेस म्हणजे पसाराच? या चुका टाळा

भाषांतरं तपासता तपासता केस पिकले, पण ‘मेस’ या इंग्रजी शब्दावर माणसं घसरतात ती अजूनही ठरलेल्या जागीच.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे ‘खानावळीत गोंधळ असतो म्हणून तिला मेस म्हणतात.’ पुण्यात मेस लावलेल्या प्रत्येकाने हा विनोद कधीतरी केलेला असतो, आणि तिथली पातळ आमटी पाहिली की तो पटतोही. पण आधी आलं जेवण, पसारा फार मागाहून. लॅटिनमध्ये ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणे. त्यावरून ‘मिस्सुस’, म्हणजे पंगतीत पाठवलेला पदार्थ. जुन्या फ्रेंचमधून तो १३०० च्या सुमारास इंग्रजीत ‘मेस’ होऊन आला. पुढे एकत्र जेवायला बसणारी मंडळीही मेस झाली. लंडनला बॅरिस्टर होणाऱ्यांच्या जेवणावळीत अशी मेस चौघांची असते. गांधीजी तिथे शिकत होते तेव्हा चौघांत वाइनच्या दोन बाटल्या मिळत. हे पिणारे नव्हेत, म्हणून चौथा गडी म्हणून यांनाच मागणी! अठराव्या शतकात जनावरांपुढे ठेवायच्या आंबोणालाही मेस म्हणू लागले आणि एकोणिसाव्यात त्या कालवाकालवीतून सरमिसळ, पसारा, घोळ हे अर्थ निघाले.

दुसरी चूक जुन्या मजकुरावर आजचा अर्थ लादण्याची. एका हुशार पण उतावळ्या मुलाला मी १६११ च्या किंग जेम्स या इंग्रजी बायबलमधला उतारा भाषांतराला दिला होता. योसेफ भावांना जेवू घालतो आणि धाकट्या बिन्यामिनाला इतरांच्या पाचपट वाटा देतो. कागदावर आलं, ‘बिन्यामिनाने इतरांच्या पाचपट पसारा केला.’ बरं, एवढ्यावर थांबावं ना? मुळात पुढे सगळे पिऊन आनंदात आहेत, ते याला जुळेना. म्हणून या पठ्ठ्याने भाषांतरात भावांना बिन्यामिनावर चिडायला लावलं! विचारलं तर म्हणाला, ‘सर, मोबाइलवर पहिला अर्थ हाच दाखवतो.’ पहिल्या अर्थावर भागवायचं तर माणूस कशाला हवा? मी १८०० च्या आधीच्या मजकुरात ‘मेस’ दिसला की पेन्सिलीने ‘वाटा’ लिहून पुढे वाचतो. नाहीच बसला तर खोडतो. आणि अर्थांपुढे सालं देणारा जाडा कोश हाताशी ठेवतो.

खलाशी ‘मेस्ड टुगेदर’ असतील तर ते एकत्र जेवत होते. (गोंधळही घालत असतील, पण ते वाक्य तसं सांगत नाही.)

‘मेसेज’ वेगळ्या घराण्यातला नाही, तोही ‘मित्तेरे’चाच. वसईच्या चर्चमधली मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासना, तीसुद्धा. वस्तुमानाचं ‘मास’ मात्र परकं, ते कणकेच्या गोळ्यातून आलंय.

आणि ‘ऑफिसर्स मेस’ला ‘अधिकारी भोजनगृह’ करू नका. फौजेतला आपला माणूस सुट्टीवर आला की ‘मेस’च म्हणतो, विचारून बघा.