एमएनडीच्या पेशंटवर टीएमएस करताय? आधी हात बघा

आमच्याकडे नवीन कोणी जॉइन झालं की पहिला प्रश्न ठरलेला, टीएमएसची (डोक्यावर चुंबकीय पल्स देऊन मेंदू तपासण्याची) कॉइल कुठे धरायची. कॉइल धरणं आठवड्याभरात जमतं हो. खरी गोची हाताची असते, कारण मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये (एमएनडी, यात स्नायू हलवणाऱ्या नसपेशी मरत जातात) आपण मेंदू तपासतो पण उत्तर वाचतो ते हाताच्या स्नायूवरून, आणि तो स्नायूच जर वाळत चालला असेल तर उत्तर चुकीचं वाचलं जाणार. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

थोडक्यात तत्त्व. १९८५ साली शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर आणि मंडळींनी दाखवलं की डोक्यावर कॉइल धरून झटक्यात चुंबकीय पल्स दिला की मेंदूच्या मोटर भागात करंट तयार होतो आणि पलीकडचा हात उडतो, तेही जवळजवळ न दुखता. हात उडताना स्नायूत जो सिग्नल येतो तो एमईपी. एमएनडीत वरचे न्यूरॉन (मेंदूतले) आणि खालचे न्यूरॉन (मणक्यातून स्नायूकडे जाणारे) दोन्ही जातात, खालचे ईएमजीत (स्नायूच्या विद्युत तपासणीत) दिसतात पण वरचे दिसत नाहीत, त्यासाठी हा खटाटोप.

पेशंट खुर्चीत बसायच्या आधी विचारून घ्या: फिट्स येतात का, डोक्यात क्लिप वगैरे धातू आहे का, पेसमेकर किंवा कॉक्लियर इम्प्लांट आहे का, कुठली औषधं चालू आहेत. यातलं काही निघालं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॉइलला हात लावू नका. रिलुझोल (एमएनडीचं औषध) चालू असेल तर ठळक लिहा, त्याने रीडिंग बदलतं. कानात इअरप्लग द्या, स्वतःही घाला. आणि पेशंटला आडवं झोपवू नका, श्वासाचे स्नायू कमजोर असतील तर धाप लागते, मागे कलणारी खुर्ची बेस्ट.

आता हात. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो त्यावर एक इलेक्ट्रोड, दुसरा अंगठ्याच्या सांध्यावर. एमएनडीत बऱ्याचदा हाच उंचवटा आणि अंगठा-तर्जनीमधला स्नायू आधी बसतो, करंगळीकडची बाजू मात्र टिकून असते, याला स्प्लिट हँड म्हणतात, म्हणून दोन्ही हात शेजारी ठेवून बघा आणि त्यातला भरलेला निवडा. मग मनगटावर मीडियन नर्व्हला शॉक देऊन स्नायूचा पूर्ण रिस्पॉन्स घ्या, एफ वेव्हही (शॉक मणक्यापर्यंत जाऊन स्नायूत परत येतो तो छोटा सिग्नल) इथेच घेऊन टाका. हा रिस्पॉन्सच बारीक असेल तर पुढे एमईपी लहान आला तो मेंदूमुळे की स्नायूमुळे हे सांगता येणार नाही.

स्नायूचा आवाज ऐकवणारा मशीनचा स्पीकर चालू ठेवा! माझ्या सुरुवातीच्या एका पेशंटला मी आवाज बंद ठेवला होता, काका अगदी शांत बसलेत असं वाटलं, प्रत्यक्षात अंगठा उशीवर हलकासा दाबून धरला होता आणि माझं अख्खं रेकॉर्डिंग वाया गेलं, कारण स्नायू ताणलेला असला की इनहिबिशन (मेंदूचा स्वतःचा ब्रेक, पुढे येतोच) आपोआप कमी दिसतं. आता मी म्हणतो, "काका, हात आपला नाहीच असं समजा, उशीला देऊन टाका." पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा सलग आवाज आला तर हात ताणलेला आहे, मधूनच लाही फुटल्यासारखं टप्प झालं तर ते फॅसिक्युलेशन, म्हणजे स्नायूचं आपोआप फडफडणं, ते पेशंटच्या हातात नाही, त्याला ओरडू नका, तेवढा शॉट टाकून द्या. डुलकी लागली तरी रीडिंग हलतं, गप्पा नकोत पण डोळे उघडे हवेत.

आठच्या आकाराची कॉइल असेल तर टाळूच्या मध्यापासून साधारण पाच सेंटीमीटर बाजूला सुरुवात करा, हँडल मागे आणि मध्यरेषेला ४५ अंशात, मग थोडं थोडं सरकवत जिथे अंगठा सगळ्यात जास्त उडतो तिथे टोपीवर पेनाने खूण. थ्रेशोल्ड म्हणजे एमईपी यायला लागणारा कमीत कमी पल्स, त्याची जुनी पद्धत म्हणजे दहापैकी पाच वेळा ५० मायक्रोव्होल्टचा एमईपी. लवकरच्या स्टेजला हा थ्रेशोल्ड कमी किंवा नॉर्मल, नंतर चढत जातो, शेवटी कधी कधी मशीन फुल केलं तरी काहीच येत नाही. तेही एक उत्तरच आहे, नुसतं "टेस्ट फेल" लिहू नका.

मेंदूपासून मणक्यापर्यंतचा वेग काढायचा तर हात किंचित आवळून एमईपी घ्या. समजा तो २१ मिलिसेकंदाला आला, एफ २७, मनगटाचा ३.४. एफ अधिक ३.४ वजा १, भागिले २, म्हणजे १४.७. २१ मधून वजा केलं की ६.३, मेंदूपासून मणक्यापर्यंतचा वेळ. हा एमएनडीत बऱ्याचदा नॉर्मलच येतो, त्यावर फार जीव लावू नका.

जीव लावायचा तो जोडपल्सवर, एसआयसीआय, म्हणजे एका पल्सने दुसऱ्याला दाबण्याची मोजणी. आधी एक हलका पल्स, मग एक ते पाच मिलिसेकंदांत जोराचा. निरोगी मेंदूत पहिला दुसऱ्याला दाबतो, हे १९९३ साली कुजिराईंनी दाखवलं. एमएनडीत हे दाबणं लवकरच कमी होतं, म्हणजे ब्रेक ढिला. सिडनीच्या वुचिक आणि किर्नन यांच्या थ्रेशोल्ड ट्रॅकिंगमध्ये एमईपी ०.२ मिलिव्होल्टवर धरून ठेवतात आणि त्यासाठी पल्स किती वाढवावा लागला ते मोजतात, त्यांच्याकडे या वाढीची सरासरी ५.५ टक्क्यांच्या खाली आली की संशय घेतात. आपल्या लॅबचे नॉर्मल आकडे मात्र आपणच गोळा करायचे, घरचे मित्र, रेसिडेंट, जो सापडेल तो. केनेडी डिसीज (आनुवंशिक, फक्त खालचे न्यूरॉन जाणारा आजार) दिसायला जवळचा पण त्यात हा ब्रेक शाबूत असतो, म्हणून ही टेस्ट कामाची.

पेशंट मधेच विचारतोच, "याने बरं वाटेल का?" स्पष्ट सांगा की ही तपासणी आहे, उपचार नाही. आणि तीन महिन्यांनी परत बोलावलंत तर तोच हात, तीच कॉइल, आणि आधी परत मनगटाचा शॉक.